खिळे ओतणारे भिसे आणि आयोडिनचे थेंब

टाइपरायटर, छपाईयंत्र, वजनकाटा अशा यंत्रांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत चढाओढ लागली होती. त्या चढाओढीत मुंबईचा एक मराठी माणूस उतरला होता. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे. 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत जन्मलेले भिसे सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात यंत्रांची जुळवाजुळव करत. किराणा मालाचे आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळाले आणि शतक संपता संपता त्यांनी विलायत गाठली.

सोबत दिनशा वाच्छा यांचे दादाभाई नौरोजींना दिलेले शिफारसपत्र होते. कारण यंत्र सुचणे हे निम्मेच काम. पेटंटची फी, नमुना घडवण्याचा खर्च आणि कारखानदाराच्या दारात उभे राहण्याइतकी पत, हे सगळे परमुलखात कुठून आणायचे? दादाभाईंनी पदरचे पैसे घातले. इंग्रज समाजवादी नेते हिंडमन यांनीही भांडवल जमवण्याची खटपट केली.

भिसे यांचे मुख्य यंत्र म्हणजे ‘भिसोटाइप’. तेव्हा छापखान्यात शिशाचे खिळे हाताने जुळवत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतून खिळा तयार होई. अँटिमनीमुळे तो कठीण होतो. भिसे यांनी एकाच वेळी अनेक खिळे ओतण्याची युक्ती काढली. मिनिटाला 1,200 खिळे हा त्यांच्या यंत्राचा वेग सांगितला जातो. काना, मात्रा, जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो प्रकारचे खिळे लागत. त्यामुळे जलद आणि स्वस्त ओतकामाचे मोल मराठी मुद्रकाला वेगळे सांगायला नको.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने रतनजी टाटा यांनी भांडवल दिले आणि 1910 मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. पण पहिले महायुद्ध आले, सिंडिकेट गुंडाळले गेले आणि भिसे अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या हाताला यश आले ते औषधात. ‘अ‍ॅटोमिडिन’ हे त्यांचे आयोडिनयुक्त औषध बाजारात चांगले चालले. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

हे औषध तेव्हा अनेक विकारांवर गुणकारी म्हणून खपले. आज आपण त्याकडे कसे पाहावे? आयोडिन 1811 मध्ये सापडले ते समुद्री शेवाळाच्या राखेत. ओहोटीला मालवणच्या खडकांवर दिसते, त्याच जातकुळीच्या वनस्पतींत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला संप्रेरक बनवायला ते हवेच. पण प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरते. कमी पडले तर गलगंड होतो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. जास्त झाले तरी थायरॉइडचे काम बिघडू शकते. म्हणून आयोडिनचे थेंब डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

आपल्या किनाऱ्यावर एक समज पक्का आहे: मीठ समुद्राचे, मग त्यात आयोडिन असणारच. तसे नाही. 1930 च्या सत्याग्रहाने गाजलेल्या शिरोड्याच्या मिठागराचे असो की दुसरीकडचे, साध्या खडे मिठात आयोडिन नगण्य असते. ते वेगळे मिसळावे लागते. मासळीतून थोडे मिळते, पण रोज मासे न खाणारी घरेही पुष्कळ आहेत. तेव्हा खारवण्याला, सुक्या मासळीला खडे मीठ खुशाल वापरा. रोजच्या आमटी-भाजीत मात्र आयोडिनयुक्त मीठच घाला. डबा घट्ट झाकून चुलीपासून लांब ठेवा, आणि शक्यतो मीठ शिजवण्याच्या शेवटी टाका. उष्णतेने आणि दमटपणाने त्यातले आयोडिन उडून जाते.