जुन्या दुनळी बंदुकीचे मोल कसे ठरते?

महाराष्ट्रातल्या काही इनामदार-जहागीरदार घराण्यांत वारशाने आलेली इंग्लिश दुनळी बंदूक असते. परवान्यावर तिची नोंद ‘डीबीबीएल १२ बोअर’ अशी असते. घरची मंडळी नाव आणि नक्षी पाहून किमतीचा अंदाज बांधतात. जाणकार मात्र आधी नळ्या तपासतो. दस्ता नवा घडवता येतो, स्प्रिंग बदलता येते. पण झिजून पातळ झालेली मूळ नळी पुन्हा जाड होत नाही.

सुरुवात सुरक्षिततेपासून करावी. बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही याची खात्री करा. परवाना चालू आहे ना, हेही पाहा. परवानाधारक वारला असेल, तर वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

मग नाव वाचा. लंडनचे पर्डी (१८१४) आणि हॉलंड अँड हॉलंड (१८३५), बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स (१८१२) ही मानाची घराणी. परंतु बेल्जियममधल्या लीएजच्या स्वस्त बंदुकांवरही मिळतीजुळती इंग्रजी नावे कोरली जात. म्हणून नळ्या काढून त्यांच्या बुडाखालचे शिक्के बघावेत. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरे दिसली, तर बंदुकीची चाचणी लीएजला झालेली आहे.

इंग्लिश शिक्क्यांवरून वयही कळते. ‘नॉट फॉर बॉल’ हा शिक्का १८७५ ते १८८७ या काळातला. तोंडाशी अरुंद केलेल्या नळीतून गोळी झाडू नये, असा त्याचा इशारा. मुकुटाखाली किंवा तलवार धरलेल्या हाताखाली ‘एनपी’ असेल, तर नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. ही पद्धत १९०४ पासूनची. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या लहरदार दमास्कस नळ्यांची चाचणी बहुधा काळ्या दारूवरच झालेली असते. त्यांत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

यानंतर मोजमाप. बारा बोअरचे मूळ माप सुमारे १८.५ मिलिमीटर. गंज घासून काढताना नळी आतून रुंदावते आणि तिची भिंत पातळ होते. भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली, की किंमत कोसळते. हे माप जाणत्या कारागिराकडून उपकरणानेच घ्यावे. उजेडाकडे धरून पाहिल्यास आतले खड्डे आणि पोचे सावलीसारखे दिसतात. सुट्या नळ्या टांगून हलकेच ठोकल्यावर स्वच्छ नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असण्याची शक्यता असते. तोंडाशी दोन नळ्यांत फट दिसली, तर त्या कापून आखूड केल्याचा संशय घ्यावा.

आता यंत्रणा. कळा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली साइडलॉक बंदूक साधारणपणे कळा चौकटीच्या आत असलेल्या बॉक्सलॉकपेक्षा महाग असते. बॉक्सलॉकची प्रसिद्ध रचना वेस्टली रिचर्ड्सच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये केली. रिकामी काडतुसे आपोआप बाहेर फेकणारी सोय असल्यास भाव वाढतो. नळ्या, यंत्रणा आणि पुढचे लाकूड यांवरचे क्रमांक जुळावेत. मूळ पेटी, तिच्यावरची चिठ्ठी, खरेदीची पावती हे सारे जपा. चकाकी आणण्यासाठी पॉलिश मुळीच करू नका. त्याने नक्षी आणि मूळ रंग दोन्ही जातात.

शेवटी बाजार. लंडनच्या लिलावातला आकडा इथे लागू होत नाही. शंभर वर्षांहून जुनी बंदूक पुरावशेष ठरली, तर १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. इथे गिऱ्हाईकही परवानाधारकच हवे, आणि खासगी विक्रीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली; त्यामुळे घेणारे आणखी कमी झाले.

म्हणून मूल्यांकन विम्यासाठी हवे की विक्रीसाठी, हे आधी सांगा आणि ते लेखी घ्या. बंदूक विकायची नसली, तरी नळ्यांची मापे, क्रमांक आणि शिक्क्यांची छायाचित्रे परवान्याच्या कागदांसोबत ठेवा. जमा करण्याची वेळ आली, तर ही नोंद आधीच पूर्ण करून नळ्यांना तेल लावून द्या. पुढच्या पिढीला त्यावरून बंदुकीची पारख करता येईल, आणि मधल्या काळात गंजाने काय नेले हेही मोजता येईल.