बंद की कट?

मुंबईतील गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील जुन्या चाळींच्या खोल्या लहान आणि सज्जे मात्र लांबलचक असतात. खोलीत चार माणसांना ऐसपैस बसता येत नाही; म्हणून सायंकाळी सतरंजी बाहेर येते आणि तिच्यावर पत्त्यांचा डाव मांडला जातो. कापडगिरण्या चालू होत्या त्या काळी पाळीवरून परतलेले कामगार आणि कोकणातून नुकतेच आलेले त्यांचे गाववाले अशा डावाला बसत. १९८२ च्या जानेवारीत गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुष्कळ चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. पत्त्यांचा डाव मात्र मोडला नाही. गणेशोत्सवात मूर्तीजवळची समई रात्रभर तेवत ठेवावयाची असते. तेथे जागणारे कार्यकर्ते झोप येऊ नये म्हणून आजही पत्ते पिसताना दिसतात.

या डावाला पंच नसतो. नियमांचे छापील पुस्तकही कोणी जवळ बाळगीत नाही. शिवाय रात्री ज्याच्याशी तंटा झाला, त्याच्याच मागे सकाळी नळावर हंडा घेऊन उभे राहावयाचे असते. तेव्हा तंटा उद्भवू नये आणि उद्भवलाच तर तो तेथल्या तेथे मिटावा, यासाठी खेळणाऱ्यांनी आपसांत काही रिवाज पाडलेले आहेत. ते कोठे लिहिलेले नसले तरी नियमांइतक्याच काटेकोरपणे पाळले जातात. नवख्या मुलाला खेळ एका संध्याकाळी येतो. रिवाज समजण्यास मात्र एक पावसाळा जावा लागतो.

महाराष्ट्रात घरोघर खेळला जाणारा मेंढीकोट हा खेळ उदाहरणादाखल घेऊ. यात चार खेळाडू असतात आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू होतात. बावन्न पाने प्रत्येकी तेरा याप्रमाणे वाटली जातात. एकाने उतारी केली, म्हणजे पहिले पान टाकले, की इतर तिघांनी त्याच रंगाचे पान टाकावयाचे. बदामाची उतारी असेल तर बदाम, किलवरची असेल तर किलवर. ज्याचे पान सर्वांत मोठे, त्याचा हात होतो आणि पुढची उतारी त्याने करावयाची. प्रत्येक रंगात एक्का सर्वांत मोठा. त्याखाली राजा, राणी, गुलाम आणि मग दश्शी. या दश्शीलाच मेंढी म्हणतात. चारांपैकी तीन मेंढ्या ज्या पक्षाकडे जातील, त्या पक्षाने डाव जिंकला. चारही मेंढ्या एकाच पक्षाने नेल्या तर तो कोट. दोन-दोन मेंढ्या झाल्या तर ज्याचे हात अधिक, त्याची जीत. हात एकूण तेरा आणि तेरा ही विषम संख्या. त्यामुळे डाव बरोबरीत सुटण्याची सोयच नाही.

मेंढीचे दुर्दैव असे की, तिला मोल सर्वांहून अधिक, पण बळ एक्का, राजा, राणी व गुलाम या चौघांपेक्षा कमी. म्हणून तिला एकटी बाहेर काढणे धोक्याचे असते. भिडूचा एक्का पडला की त्यावर ती अलगद सोडावी, किंवा त्या रंगाची वरची चारही पाने निघून जाईपर्यंत ती सांभाळून ठेवावी. कोणती पाने पडली आणि कोणती राहिली हे ज्याच्या ध्यानात राहते, त्याला हा खेळ साधतो.

खरी गुंतागुंत हुकुमाची. हुकुमाच्या रंगातील दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. हा हुकूम ठरविण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. बंद हुकुमात एक खेळाडू आपल्या पानांतील एक पान पालथे घालून ठेवतो आणि कोणाला उतारीच्या रंगाचे पान देता आले नाही म्हणजे ते उघडले जाते. कट हुकुमात आधी काहीच ठरलेले नसते. डावात पहिल्यांदा ज्याच्याजवळ उतारीचा रंग नसेल, तो जे पान टाकील त्याचाच रंग हुकूम होतो.

कट हुकुमात नवखा खेळाडू कसा फसतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, पहिल्याने बदामाचा एक्का टाकला आणि दुसऱ्याने बदामाची छक्की दिली. तिसरा हा पहिल्याचा भिडू. त्याच्याजवळ बदाम मुळीच नाही. त्याच्या हाती इस्पिकची पाच पाने आहेत आणि चौकटची एकटी मेंढी आहे. भिडूचा एक्का पडलेला पाहून त्याला वाटते, ‘मेंढी सोडण्याची हीच वेळ.’ पण त्याने चौकटची मेंढी टाकताच चौकट हुकूम झाला, आणि त्याच्याजवळ तर चौकटचे दुसरे पानच नाही! शिवाय चौथ्याजवळही बदाम नसेल आणि चौकटचा गुलाम असेल, तर तो हात आणि मेंढी दोन्ही घेऊन जातो. जाणता खेळाडू अशा वेळी इस्पिकची दुर्री टाकतो. तिनेही हात त्याच्याच पक्षाकडे राहतो, इस्पिक हुकूम होतो आणि आणखी चार हुकूम त्याच्या हाती उरतात.

एका रंगाची पाने तेरा. ती चौघांनी तीन वेळा दिली तर बारा संपतात आणि एकच उरते. म्हणजे एकाच रंगाची उतारी चौथ्यांदा झाली तर कोणाजवळ तरी तो रंग नसणारच. म्हणून तिसऱ्या उतारीनंतर मुरलेले खेळाडू सावध होतात. हे सारे साधे गणित आहे. त्यात नशिबाचा भाग लोक समजतात तितका नाही.

बंद हुकुमात निराळेच प्रश्न निघतात. पालथे पान उघडावयास सांगणाऱ्याने त्या हाताला हुकूम मारलाच पाहिजे की नाही? त्याच्याजवळ हुकूमच नसेल तर काय? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या वाड्यांत आणि घरांत निरनिराळी दिली जातात, आणि प्रत्येकास आपलेच उत्तर मूळचे वाटते. म्हणून पाने वाटण्यापूर्वी ‘बंद की कट?’ हा प्रश्न विचारून घ्यावयाचा, आणि पाहुणा असेल तर बाकीच्या शंकाही तेव्हाच फेडून घ्यावयाच्या, असा शिरस्ता आहे. डाव सुरू झाल्यावर ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य कोणी ऐकून घेत नाही.

सर्वांत मोठा अपराध म्हणजे रंग लपविणे. हाती बदाम असता ‘बदाम नाही’ असे भासवून हुकूम मारला, तर त्या वेळी कोणालाच काही कळत नाही. कळते ते पुढे, त्याच खेळाडूच्या हातून बदाम बाहेर पडतो तेव्हा. मग पालथे ठेवलेले हात उलगडून पाहतात. एरवी, एकदा पालथा ठेवलेला हात पुन्हा उघडण्याची कोणालाही मुभा नसते. येथे एक अडचण आहे. बदाम आणि चौकट दोन्ही लालच. सज्ज्यातील मंद दिव्याखाली बदामाचे पान चौकटच्या पानांत दडून राहणे अगदी शक्य आहे. ते मुद्दाम दडविले की नजरचुकीने राहिले, हे कसे ठरवावे? माणसाच्या मनात शिरता येत नाही. जाणत्या मंडळींनी यावर शोधलेला तोडगा मोठा शहाणपणाचा आहे: हेतू विचारावयाचाच नाही. हात पालथा होण्यापूर्वी चूक ध्यानात आली आणि ती आपणहून सांगितली, तर पान बदलता येते. त्यानंतर मात्र सबब चालत नाही. बहुतेक ठिकाणी तो डाव विरुद्ध पक्षाला देऊन टाकतात. असे केल्याने ‘तू लबाड आहेस’ असे कोणालाही म्हणावे लागत नाही. दंड होतो, पण दोघांचे बोलणे तुटत नाही.

ब्रिज या खेळाचे कायदे जगभर छापलेले आहेत, आणि त्यांतही याच धर्तीचा विचार आढळतो. रंग असून न दिल्यास, चूक नजरचुकीने झालेली असली तरीही, एक किंवा दोन हात विरुद्ध पक्षाला द्यावे लागतात. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी मिळविले. अशा मोठ्या स्पर्धांत मेजावर आडवा पडदा लावतात, कारण भिडूंनी एकमेकांचे चेहरे पाहूच नयेत अशी व्यवस्था असते. सज्ज्यातील खेळाला पडदा कोठून आणणार? तेथे भिडूकडे पाहून खाकरणे, पान आपटून टाकणे किंवा ते टाकताना उगाच घुटमळणे हे गैर मानले जाते, आणि एवढ्यावरच भागवावे लागते.

बघ्यांसाठीही मर्यादा आहेत. डावाभोवती उभे राहणाऱ्याला दोघातिघांची पाने दिसत असतात. त्याचा एक हुंकारसुद्धा डाव फिरवू शकतो. म्हणून बघ्याने बोलू नये, आणि एकाच्या मागून उठून दुसऱ्याच्या मागे जाऊ नये. वाटणारा पाने पिसून शेजाऱ्याकडून काटून घेतो. सर्व पाने वाटून होईपर्यंत कोणी आपली पाने उचलीत नाही. मध्येच एखादे पान उलटे पडले तर सगळी पुन्हा पिसता यावीत, हे त्याचे कारण. टाकलेले पान परत घेता येत नाही. लहान मुले खेळत असली तरी या शेवटच्या नियमात सवलत मिळत नाही. रडणे मात्र माफ असते.

चौघे जमले नाहीत तर तिघांचा पाच-तीन-दोन हा खेळ मांडतात. त्यात सत्तीपासूनची तीसच पाने घेतात. चारपैकी दोन सत्त्या काढून टाकतात. प्रत्येकाला दहा पाने येतात आणि एकाने पाच, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन हात करावयाचे असतात. एकाचे हात जास्त झाले म्हणजे दुसऱ्याचे कमी पडणारच. पुढच्या डावात जास्त हात करणारा, कमी पडलेल्याच्या पालथ्या पानांतून न पाहता एक पान ओढतो आणि आपल्याजवळचे नको असलेले पान त्याला देतो. या देवघेवीत पान ओढणाऱ्याने पाने चाचपीत बसावयाचे नाही, आणि ज्याची पाने ओढली जात आहेत त्याने एखादे पान मुद्दाम पुढे सारावयाचे नाही. ओढलेले पानच परत देता येते की नाही, हे पुन्हा आधी ठरविलेले बरे.

पानांची ही देवघेव डावापुरती असते. खेळ संपला की बावन्न पाने पुन्हा डबीत जातात. परदेशात निघालेल्या एका नव्या जातीच्या खेळात मात्र पाने खेळाडूंच्या मालकीची असतात. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा असा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याची निरनिराळी पाने आता वीस हजारांहून अधिक आहेत. पुष्कळशा पानांवर त्या त्या पानाचा स्वतंत्र नियम छापलेला असतो, आणि खेळाचा सामान्य नियम व पानावरील मजकूर यांत विरोध आला तर पानावरील मजकूर खरा धरतात. या पानांची अदलाबदल करताना दुसऱ्याच्या पानांना विचारल्याखेरीज हात लावीत नाहीत. दुर्मिळ पानाला मोठी किंमत येते. तेव्हा अजाण मुलाकडून ते एखाद्या चकचकीत पण सामान्य पानाच्या बदल्यात काढून घेणे हे तेथेही हलकेपणाचे समजतात.

पण विलक्षण नियमांसाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. लालबाग-परळच्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव ज्या सावंतवाडीच्या परिसरात आहे, तेथे लाखेचा मुलामा दिलेली, हाताने रंगविलेली गोल गंजिफाची पाने बनतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस. राजा व प्रधान सर्वत्र वरचे. पण बाकीच्या पानांत निम्म्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान! शिवाय खेळाची सुरुवात दिवसा रामाच्या रंगाने होते आणि रात्री कृष्णाच्या.

मुंबईच्या उपनगरी गाडीत मांडीवर वर्तमानपत्र किंवा बॅग ठेवून खेळणाऱ्यांना वेळेची याहून निराळी अडचण असते. तेथे उभ्या प्रवाशांना कोपर लागू नये, आवाज चढू नये आणि पैसे तर मुळीच लावू नयेत. जुगाराविरुद्ध आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे. दादर हे मोठे स्थानक. तेथे चौघांपैकी एकाला उतरावयाचे असेल आणि हातात अजून चार पाने असतील, तर तो डाव मोजावयाचा की सोडून द्यावयाचा, हे गाडी सुटण्यापूर्वीच बोलून घ्यावे लागते.