व्हायरसच्या इंजेक्शनने कॅन्सर बरा होतो का? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा



मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. व्हायरसच्या एका इंजेक्शनने कॅन्सर गायब, केमोची गरजच नाही! एरवी मी असले मेसेज न वाचताच डिलीट करतो. पण माझ्या मावशीची केमो चालू आहे आणि तिचाच फोन आला, "अरे, तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, बघ जरा हे खरं आहे का. खरं असेल तर पुढची केमो मी घेतच नाही."

मग मी दोन दिवस बसून वाचलं. मेसेज अर्धा खरा निघाला. धोका त्यातच आहे.

व्हायरस कॅन्सरशी कसा लढतो?

निरोगी पेशीत व्हायरस घुसला की ती पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते. हा एक प्रकारचा अलार्मच. त्यामुळे ती पेशी आणि शेजारच्या पेशी सावध होतात आणि व्हायरसला वाढू देत नाहीत. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींमध्ये मात्र हा अलार्म बिघडलेला असतो. तिथे व्हायरसला रान मोकळं मिळतं. तो आत वाढतो, पेशी फुटते आणि नवे व्हायरस शेजारच्या कॅन्सर पेशीत शिरतात. अशा व्हायरसला ऑन्कोलिटिक व्हायरस म्हणतात.

खरं उदाहरण: टी-व्हेक

ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टी-व्हेक या औषधाला मंजुरी दिली. ते मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी आहे. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा व्हायरस घेऊन शास्त्रज्ञांनी त्यात तीन बदल केले:

1. एक जीन काढला, म्हणून तो निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही.
2. दुसरा जीन काढला, म्हणून त्याला रोगप्रतिकारक शक्तीपासून लपता येत नाही.
3. जीएम-सीएसएफ या प्रथिनाचा जीन घातला. हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना गाठीकडे बोलावतं.

तिसरा बदल मला सगळ्यात भारी वाटला. गाठ फुटली की कॅन्सरचे तुकडे बाहेर पडतात, बोलावलेल्या पेशी ते ओळखतात आणि मग शरीर स्वतःच कॅन्सरच्या मागे लागू शकतं.

मग मेसेजमध्ये चूक काय?

- "एक इंजेक्शन": टी-व्हेक थेट गाठीत टोचतात. दुसरा डोस तीन आठवड्यांनी, पुढचे दर दोन आठवड्यांनी, आणि हे साधारण सहा महिने तरी चालतं.
- "कॅन्सर गायब": 436 रुग्णांच्या चाचणीत सहा महिने किंवा जास्त टिकणारा प्रतिसाद 16.3 टक्के रुग्णांमध्ये दिसला. नुसतं जीएम-सीएसएफ दिलेल्यांमध्ये तो 2.1 टक्के होता. फरक मोठा आहे, पण सगळे बरे झाले असं अजिबात नाही. आतल्या अवयवांत पसरलेल्या कॅन्सरवर याचा परिणाम सिद्ध झालेला नाही.
- "कुठलाही कॅन्सर": प्रत्येक औषध ठरावीक कॅन्सरसाठीच असतं. चीनने 2005 मध्ये डोके-मानेच्या कॅन्सरसाठी असं औषध मंजूर केलं, जपानने 2021 मध्ये मेंदूच्या ट्यूमरसाठी, तेही अटींसह.

आपल्याकडे काय चालू आहे?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 या थेरपीला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मंजुरी मिळाली. इथे व्हायरस कॅन्सरला मारत नाही, तो कुरिअर बॉयचं काम करतो! रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमार्फत त्यांच्यात नवा जीन पोचवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. मग त्या कॅन्सर पेशी शोधून मारतात. पण हेसुद्धा काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे.

मावशीला मी काय सांगितलं?

"मावशी, विज्ञान खरं आहे, पण हा मेसेज तुझ्यासाठी नाही. केमो थांबवू नकोस. मेसेज डॉक्टरांना दाखव आणि विचार, माझ्या कॅन्सरसाठी अशी काही चाचणी चालू आहे का?" भारतात चालू असलेल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या सरकारी वेबसाईटवर असते, ती मोबाईलवरही उघडते.

मावशी पुढच्या केमोला गेली. ग्रुपवर मी हेच सगळं थोडक्यात टाकलं. तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज आला असेल, तर त्याच्याखाली हा लेख नक्की शेअर करा. कदाचित तिथेही कुणाची तरी मावशी तो वाचत असेल.