देहाची घडण, भाग ६ : दोर सोडणारे हात

लातूरला राहून नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. घर मुखेड तालुक्यात. दसऱ्याला दोन दिवस गावी गेली, तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. मजूर मिळेनात, म्हणून आईच्या शेजारी तिनंही पात धरली. लातूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की वसतिगृहाचा जिना नको झाला. ती लिहिते, जिना चढताना एवढं दुखत नाही, उतरताना जास्त दुखतं. पुस्तकात स्नायूचं काम म्हणजे आखूड होणं असं दिलंय. उतरताना तर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असणार. जो लांबतोय तो काम कसलं करतोय, आणि दुखतोय कशानं?

या आठवड्यात सांध्यांचे सगळे प्रकार सविस्तर सांगायचं ठरलं होतं. ते आता थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. अकरावीच्या जीवशास्त्रातला चलन-वलनाचा धडा लातूर आणि नांदेडच्या हजारो मुलांना तोंडपाठ असतो. ॲक्टिन, मायोसिन, ट्रोपोनिन, कॅल्शियम, सगळं क्रमानं म्हणून दाखवतील. या मुलीनं तो धडा स्वतःच्या मांडीशी ताडून पाहिला आणि तिथं तो जुळेना, म्हणून पत्र लिहिलं. शरीरशास्त्र शिकायचं ते असंच.

आधी सांधे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत. त्यातला एक ‘उलूखल’, म्हणजे आपलं उखळ. काख आणि जांघ ही त्याची ठिकाणं. आजही मराठी पुस्तकं खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. मुसळाचं टोक उखळात जसं चहूकडे फिरतं, तसा हात खांद्यात फिरतो. गुडघा आणि कोपर हे बिजागरीचे सांधे, दारासारखे एकाच दिशेनं उघडमीट करणारे. गुडघा अगदी शुद्ध बिजागरी नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटी मांडीचं हाड नडगीवर किंचित वळतं आणि सांधा जणू कडी लावल्यासारखा बसतो. म्हणून माणूस बराच वेळ उभा राहू शकतो आणि मांडीचे स्नायू फारसे थकत नाहीत.

जुने ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी इथेच एक सांगून ठेवतो. सुश्रुत मांसाच्या पुंजक्याला ‘पेशी’ म्हणतो आणि त्या पाचशे मोजतो. ‘स्नायू’ हा शब्द तो हाडं-सांधे बांधून ठेवणाऱ्या दोरांसाठी वापरतो, ते नऊशे. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मांस आणि पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र सरकले. या लेखमालेत आपण आजचेच अर्थ धरतो आहोत.

आता स्नायू. त्याची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं. स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येत नाही. दार ढकलताना आपण ढकलतो असं वाटतं, पण तेव्हाही दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या हाडाला मागून ओढत असतो आणि त्यामुळे हात सरळ होतो. म्हणूनच स्नायू जोडीनं असतात. दंडाच्या पुढचा हात वाकवतो, मागचा सरळ करतो. मांडीच्या मागचे गुडघा वाकवतात. पुढे चार तोंडांचा एक जाडजूड स्नायूगट आहे, तो गुडघा सरळ करतो. हा पुढचा गट खाली एका दोरात मिळतो. त्या दोरातच गुडघ्याची वाटी बसवलेली आहे, आणि वाटीच्या खालून तो नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो.

आडावर पाणी शेंदलेल्यांना वाटीचं काम लगेच कळेल. ती कप्पीसारखी आहे. दोर सांध्यापासून थोडा पुढे उचलून धरल्यामुळे तेवढ्याच ओढीत नडगीला जास्त जोर मिळतो, आणि दोर थेट हाडावर घासत नाही. तान्ह्या बाळाच्या गुडघ्यात ही वाटी हाडाची नसते, कूर्चेची असते. तिचं हाड होऊ लागतं ते साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात.

आडावरून निघू नका, कारण स्नायूच्या आतही तेच चाललेलं आहे.

स्नायूच्या तंतूत सूक्ष्म खंडांची माळ असते. एकेका खंडाला सार्कोमिअर म्हणतात. आरामात असलेल्या स्नायूत त्याची लांबी दोन-सव्वादोन मायक्रोमीटर, म्हणजे तंतूच्या एका सेंटिमीटरमध्ये असे साडेचार हजारांच्या आसपास खंड ओळीनं बसतात. प्रत्येकात दोन तऱ्हेचे धागे असतात, बारीक ॲक्टिनचे आणि जाड मायोसिनचे. पूर्वी समजूत होती की स्नायू आखडतो तेव्हा हे धागेच आक्रसत असावेत. १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध लागोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं, दोघांच्या पद्धतीही वेगळ्या होत्या, निष्कर्ष मात्र एकच निघाला. धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

सरकवतं कोण? मायोसिनच्या धाग्याला असंख्य छोटी डोकी असतात, त्यांना आपण हात म्हणू. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की स्नायूत कॅल्शियम सुटतं. कॅल्शियममुळे ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा उघड्या होतात आणि हात कामाला लागतात. धरायचं, ओढायचं, सोडायचं, पुढं पुन्हा धरायचं. पोहरा वर आणताना आपले दोन हात आळीपाळीनं जे करतात तेच. एका ओढीत धागा सरकतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा, पण हात कोट्यवधी असतात. काही सोडत असतात तेव्हा बाकीचे धरून असतात, म्हणून पोहरा घसरत नाही.

पोहरा आडात सोडताना काय करतो? दोर हातातून एकदम सोडून दिला तर पोहरा धाडकन खाली आदळेल. म्हणून दोर धरूनच ठेवायचा आणि जरा जरा सरकू द्यायचा. हात तेव्हाही ओढतच असतात, पण वजनापेक्षा किंचित कमी. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. अंगाचं वजन गुडघा वाकवू पाहतं, स्नायू त्याला अडवत अडवत लांबतो. ओढ चालूच आहे, लांबी मात्र वाढते आहे. पुस्तकातला आकुंचन हा शब्द इथे दिशाभूल करतो. स्नायूचं खरं काम ताण धरणं. त्या ताणाखाली तो आखूड होईल, लांबेल किंवा आहे तेवढाच राहील.

तिन्ही प्रकार एका ठिकाणी बघायचे असतील तर माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्या बघाव्यात. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष सरता सरता भरते. हौद्यात दोन मल्ल मानेला मान लावून अर्धा मिनिट जागचे हलत नाहीत. बघणारा म्हणतो, काहीच चाललं नाही. त्यांच्या स्नायूंची लांबी तेवढीच असते, पण आत सगळे हात दोर धरून ताठलेले असतात, आणि दोघंही घामानं निथळतात. मग एक जण प्रतिस्पर्ध्याला उचलतो, ते आखूड होत केलेलं काम. खाली जाणारा स्वतःचं अंग सावरत उतरतो, ते लांबत केलेलं.

आपल्या भागात पैलवानकीचं नाव घ्यायचं तर हरिश्चंद्र बिराजदारांचं घ्यावं लागतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातुरातच भरलं होतं आणि ती गदा त्यांनी जिंकली. पुढे ते रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यांच्या पिढीची सगळी घडण जोर आणि बैठकांवर झाली. बैठकेत लोक उठण्याकडे बघतात. माझ्या मते बैठकेचा अर्धा गुण खाली जाण्यात आहे. लांबत असताना स्नायू आखडत असतानापेक्षा जास्त वजन पेलू शकतो, आणि त्याला ऊर्जाही कमी लागते. म्हणून जिना उतरताना धाप लागत नाही.

पण यातच त्या मुलीच्या दुखण्याचं कारण आहे. काम स्वस्तात होत असल्यामुळे मेंदू उतरताना थोडेच तंतू कामाला लावतो, आणि त्या थोड्यांवर प्रत्येकी भार जास्त येतो. धरलेले हात सुटण्याआधीच ओढून उपटले जातात. सवय नसेल तर काही सार्कोमिअर ताणून विस्कटतात, तिथे सूज येते, दुरुस्ती सुरू होते. ठणका लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. पातीवर दिवसभर उकिडवं बसायचं, पुढं सरकायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. दर बसण्याला मांडीनं अंगाचं ओझं आडात सोडल्यासारखं खाली उतरवलं. जिना उतरताना त्याच दुखावलेल्या तंतूंना तेच काम पुन्हा सांगितलं, म्हणून उतरणं जड गेलं. लॅक्टिक आम्ल साचून असं दुखतं ही समजूत अजून फार पसरलेली आहे. ती सोडून द्या. ते आम्ल तास-दीड तासात निघून जातं.

हे दुखणं बिघाडाचं नाही. दुरुस्त झालेला तंतू त्याच कामाला पहिल्यापेक्षा चांगला टिकतो. काढणीच्या पहिल्या आठवड्यात बायका कण्हतात आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच कामाला हसत जातात, ते यामुळे. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा एकच पाय सुजून लाल झाला, तर मात्र घरी थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

दोराची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि मला ती सगळ्यात थोर वाटते. आपल्याला वाटतं ताकद लागते ती धरायला. मायोसिनच्या हाताला ती सोडायला लागते. एटीपीचा, म्हणजे स्नायूला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा, एक कण येऊन चिकटला तरच हात ॲक्टिनवरून सुटतो. मग त्याच कणाच्या ऊर्जेनं तो पुढच्या ओढीसाठी सज्ज होतो. कॅल्शियम परत आत ओढून स्नायू सैल करायलाही एटीपीच खर्च होतो. स्नायूत याचा साठा दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच असतो, म्हणून तो सतत नव्यानं बनवावा लागतो. श्वास थांबला की तो बनणं थांबतं. हात धरलेले असतात ते धरलेलेच राहतात. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठतं ते याच कारणानं. घरातल्या मोठ्यांनी ते हातांनी अनुभवलेलं असतं. पुढे एक-दोन दिवसांत धागेच विरघळू लागतात आणि ताठपणा जातो.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य. ती लिहिते, ‘मला चार दिवसांत बरं वाटलं, पण आईचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेत.’

आईच्या गुडघ्यात कूर्चेची झीज सुरू झाली असेल तर ती पातीवरच्या चार दिवसांची नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट वंगण असतं. सांधा दाबला आणि सोडला गेला की ते कूर्चेत आतबाहेर होतं आणि तिचं पोषण होतं. दाबून ठेवलं आणि सोडलंच नाही, तर पोषण अडतं. म्हणून पातीच्या टोकाला पोचल्यावर दोन मिनिटं उभं राहून पाय सरळ करावेत, हे मुकादमाला किंवा गुत्तेदाराला पटवून द्यायला हवं. तेवढ्यानं काम मागं पडत नाही.

पण झीज थांबवणं आपल्या हातात फार नसलं तरी दोर धरणारे हात आपल्या हातात आहेत. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतो, आणि मांडीचा पुढचा गट बारीक झाला की गुडघ्यावरचा प्रत्येक धक्का थेट सांध्यावर येतो. याची खूण बसण्यात दिसते. उठताना त्रास होतो हे सगळ्या जणी सांगतात. बसताना शेवटची वीतभर अंग धपकन सोडून देतात, हे कोणी सांगत नाही, कारण त्यात दुखत नाही. तिथं पोहरा हातातून सुटलेला असतो.

तर मुली, दिवाळीला घरी गेलीस की आईला खुर्चीवर बसताना एकदा बाजूनं पाहा. ती धपकन बसत असेल, तर भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हातांचा आधार घेऊ दे, पण मनात पाच मोजेपर्यंत सावकाश खाली यायला सांग. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, आठवड्यातून चार-पाच दिवस. दोन महिने तरी सोडू नका. गुडघा सुजलेला, गरम असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर हे सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. आणि ती बसत असताना तुझा तळहात तिच्या मांडीवर वाटीच्या थोडा वर ठेव. लांबणारा स्नायू कसलं काम करतो ते तुला हाताखाली कळेल.

पुढच्या आठवड्यात पाठीचा कणा, आणि पुस्तकावर मान वाकवून बसणाऱ्यांसाठी मानेचे पहिले दोन मणके.