डेल्टाचा माग : वाचलेली अक्षरे, हुकलेली वेळ

फेब्रुवारी २०२१. करोना ओसरला, असे लोक म्हणू लागले होते. अमरावती जिल्ह्यात मात्र रुग्ण झपाट्याने वाढत होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधले नवे प्रकार तेव्हा जगभर गाजत होते. साहजिकच विदर्भातल्या नमुन्यांत ते आहेत का, हे आधी पाहिले गेले. ते सापडले नाहीत, असे राज्याच्या आरोग्य विभागाने जाहीर केले. उत्तर खरे होते, प्रश्न मात्र अपुरा होता. पूर्व महाराष्ट्रात वाढत असलेला बी.१.६१७ हा प्रकार त्या तिन्हींपैकी नव्हताच. पुढे त्याच्याच एका शाखेला ‘डेल्टा’ म्हणून सारे जग ओळखू लागले.

या विषाणूचा जीनोम साधारण ३०,००० अक्षरांचा असतो. वुहानमधल्या विषाणूचा पहिला आराखडा जानेवारी २०२० मध्ये जगासाठी खुला झाला. तेव्हापासून प्रत्येक नवा नमुना त्याच्याशी ताडून पाहता येतो. विषाणूच्या नकला होताना चुका होतात आणि एका साखळीत महिन्याला सरासरी दोन अक्षरबदल टिकून राहतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, पण कोणता विषाणू कोणापासून आला हे त्यांवरूनच कळते.

प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर चाचणीनंतर उरलेला आरएनए घेतात, त्याचा डीएनए करतात आणि सुमारे ४०० अक्षरांच्या, एकमेकांवर थोड्या चढलेल्या तुकड्यांत तो वाढवून यंत्रावर वाचतात. मग संगणक ते तुकडे जोडतो. बी.१.६१७ मध्ये २२,९१७व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ आढळला. या एका अक्षरामुळे स्पाइक प्रथिनात ४५२व्या जागी ल्युसिन जाऊन आर्जिनिन आले, आणि तेही मानवी पेशीला चिकटणाऱ्या भागात. २३,६०४व्या जागी ‘सी’चा ‘जी’ झाला. हा बदल स्पाइक दुभंगते त्या जागेलगतचा. तिथे प्रथिन सहज तुटले की विषाणूला पेशीत शिरणे सोपे जाते.

पण बदल सापडला म्हणजे धोका कळला, असे होत नाही. बी.१.६१७ चे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले आहेत. तेव्हा तो असंख्य प्रकारांतला एक होता. खरी खूण असते ती नमुन्यांतला त्याचा वाटा आठवड्यागणिक वाढण्याची. ती दिसायची तर प्रत्येक जिल्ह्यातून नियमित, निवड न करता घेतलेले नमुने हवेत. त्यांवर तारीख आणि ठिकाण हवे, आणि रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंदही हवी.

भारतात यासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा संघ उभा राहिला. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह सुरुवातीला त्यात दहा प्रयोगशाळा होत्या. बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचे ठरले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आकडा दिला, तो १०,७८७ नमुन्यांचा. त्या तीन महिन्यांतल्या नव्या बाधितांच्या तुलनेत हे एक टक्काही भरत नाहीत. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर (वर सांगितलेला ४५२व्या जागेचा) हे स्पाइकमधले दोन बदल सापडल्याचे त्याच निवेदनात होते. मात्र नवे प्रकार पुरेशा संख्येने आढळलेले नसल्याने काही राज्यांतल्या रुग्णवाढीशी त्यांचा थेट संबंध जोडता येत नाही, असेही त्यात म्हटले होते. वृत्तपत्रांनी ‘डबल म्युटंट’ हे नाव उचलले. प्रत्यक्षात जग व्यापणाऱ्या डेल्टात ई४८४क्यू नव्हताच. मे उजाडला तेव्हा देशात दिवसाला चार लाख रुग्ण सापडत होते आणि लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते. ११ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने बी.१.६१७ ला चिंताजनक प्रकार ठरवले. पहिल्या नमुन्यापासून सात महिने उलटून गेले होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन हेरला. पीसीआर चाचणीत एका जनुकाची खूण उमटत नव्हती, हा इशारा त्यांनी ओळखला आणि नमुने तातडीने वाचले. नोव्हेंबरच्या पूर्वार्धातल्या नमुन्यांची माहिती २५ तारखेला जगापुढे आली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नाव मिळाले. बक्षीस म्हणून त्या देशांच्या पदरी प्रवासबंदी पडली, हा उघड अन्याय होता. खरे सांगणाऱ्यालाच शिक्षा होऊ लागली, तर पुढच्या वेळी कोण सांगेल?

महाराष्ट्राने डेल्टापासून धडा घेतला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात एका फेरीत ३८४ नमुने वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली. पुण्यात सांडपाण्यातूनही विषाणूचा माग काढला गेला. त्यासाठी कोणी चाचणी करून घ्यावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

आज साथ नाही म्हणून ही यंत्रणा गंजू देणे परवडणारे नाही. जिल्हा रुग्णालयातून नमुना किती दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचतो आणि अहवाल किती दिवसांत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती पडतो, हे दोन आकडे सरकारने दर महिन्याला जाहीर करावेत. डेल्टाची अक्षरे आपल्याकडे वाचली गेली होती. ती वेळेत पोहोचावीत, एवढी मागणी आपण लावून धरली पाहिजे.