पोरांच्या प्रदर्शनात बियाण्याची परीक्षा



दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. आधी शाळेत, मग तालुक्याला, तिथून निवडलेले प्रकल्प जिल्ह्याला आणि पुढे राज्याला. घरातले लेकरू आठ दिवस पुठ्ठा, डिंक, बल्ब, सेल मागत मागे लागते. आपण खिशातून शंभराची नोट काढून देतो आणि म्हणतो, "जा, कर काय करायचं ते." प्रदर्शनाच्या दिवशी आपण रानात असतो. पाहुणे येतात, फीत कापतात, चहा घेतात आणि जातात. टेबलामागचे लेकरू पाठ केलेले भाषण परीक्षकांपुढे म्हणते आणि संध्याकाळी प्रकल्प वर्गातल्या कपाटावर धूळ खायला जातो.

यंदा तसे करू नका. एक दिवस काढा आणि प्रदर्शनाला जा. पोराचे कौतुक करायला जाच, पण तिथे तुमच्या स्वतःच्या पेरणीचेही काम आहे. कसे, ते सांगतो.

ज्वालामुखी आपलाच

कुठल्याही प्रदर्शनात एक ज्वालामुखी असतोच. मातीचा डोंगर, त्यात खाण्याचा सोडा, वरून लिंबाचा रस, की फेस उसळतो आणि पोरे टाळ्या वाजवतात. यात वाईट काही नाही. पण त्याच टेबलावर आपल्या रानातल्या काळ्या मातीचे एक ढेकूळ आणि विहिरीतून निघालेला काळा दगड ठेवला, तर त्याच प्रकल्पाचे मोल वाढते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले. विहीर खोदताना सुरुंग लावावा लागतो तो हाच कातळ, आणि आपली काळी जमीन त्याच्याच झिजेतून झाली. पोरगी एवढे सांगू लागली, की बघणारा बाप थांबतो. प्रकल्प गावाचा झाला, की गाव बघायला येते. गुरुजींनी आणि बाईंनी एवढेच धरून चालावे.

शंभर दाण्यांचा प्रकल्प

आता मुद्द्याचे. २०२० चा खरीप आठवा. आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन काढणीत पाऊस झाला आणि सोयाबीन भिजले. पुढच्या जूनमध्ये पेरणी झाली आणि मराठवाडा-विदर्भात बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे असा सगळा खर्च दुसऱ्यांदा, आणि हातची ओल गेली ती वेगळीच.

हे आधी कळू शकते. त्यासाठी लागतो गोणपाटाचा तुकडा, पाणी आणि पाचवीतले पोर. घरी राखलेल्या बियाण्याच्या पोत्यातून, चांगले-वाईट न निवडता, १०० दाणे मोजून घ्यायचे. गोणपाट भिजवून, पाणी निथळवून पसरायचे. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा रांगा, दाण्यादाण्यात बोटभर अंतर. वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. ओल मोडू द्यायची नाही. सात-आठ दिवसांनी उघडायचे आणि मोजायचे. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलाच दाणा उगवला म्हणायचा. कुजलेला, मोडका, नुसता फुगलेला दाणा सोडून द्यायचा.

शंभरातले ७० किंवा जास्त उगवले, तर बियाणे पेरणीलायक. मग एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो पुरते. ६० च उगवले तर? इथे पोराचे त्रैराशिक कामी येते. ३० गुणिले ७०, भागिले ६०. उत्तर ३५ किलो. ५० उगवले तर हिशेब ४२ किलोवर जातो. अशा वेळी बियाणेच बदललेले बरे. वर्गात गणित नावडते म्हणणारे पोर हे गणित तोंडी करते, कारण पोते त्याच्या घरचे असते.

एका वर्गातल्या चौघांनी एकाच पोत्यातले शंभर-शंभर दाणे लावले, की ४०० होतात. बीज परीक्षण प्रयोगशाळेतही ४०० दाण्यांवरच चाचणी होते. चौघांचे आकडे थोडे वेगळे येतील. येऊ द्या. ते खोडून एकसारखे करायला लावू नका. तो फरकच विज्ञान आहे.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. औषध लावलेले बियाणे मुलांच्या हाती देऊ नका, ते विष असते. घरचे, औषध न लावलेले बियाणेच शाळेत पाठवा.

टेबलापुढे उभे राहून काय विचारायचे?

मोठी माणसे मुलांना विचारतात, "मोठेपणी कोण होणार?" त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. काय मोजलंस? किती वेळा मोजलंस? कुठं चुकलं? पाठ केलेले भाषण पहिल्या प्रश्नालाच अडखळते. ज्याने खरे केले आहे ते पोर तिसऱ्या प्रश्नाला खुलते. "दुसऱ्या दिवशी पाणी घालायचं विसरलो, म्हणून एक गुंडाळी वाळली, परत लावली," असे उत्तर मिळाले, तर पाठीवर थाप द्या. परीक्षकांनीही थर्माकोलच्या चकचकाटाला गुण देण्यापेक्षा या उत्तराला द्यावेत.

आणि एक नाजूक गोष्ट. पोरगी घरचे दाणे घेऊन गेली आणि शंभरातले ४५ च उगवले, तर बापाला चारचौघांत कमीपणा वाटतो. "आमचं नाव कशाला लावलं?" म्हणून तो गुरुजींवर चिडतो. म्हणून तक्त्यावर शेतकऱ्याचे नाव नको, नुसता पोत्याचा क्रमांक टाका. आणि त्या बापाने मनात म्हणावे, की लेकीने माझी दुबार पेरणी वाचवली.

कारभाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते, आणि तलाठी भाऊसाहेब, तुमचेही इथे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीने ठरवले तर सगळ्या गावाच्या बियाण्याचा तक्ता शाळेत तयार होऊ शकतो आणि तोच ग्रामसभेत वाचून दाखवता येतो. कृषी सहायकांना प्रदर्शनाला बोलवा. पोरांचा आकडा हा सरकारी दाखला नव्हे, हे खरे. पण शंका आली, तर बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला अजून वेळ असतो. विकतच्या पिशवीचे असेल, तर पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवायला सांगा. तक्रार करायची वेळ आली, तर तालुक्याची समिती आधी तेच मागते.

शेवटचे आणि महत्त्वाचे. प्रदर्शन हिवाळ्यात, पेरणी जूनमध्ये. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ. पोती आपटली, ओल लागली, ऊन लागले, की उगवण घटते. डिसेंबरात ७८ आलेला आकडा मे महिन्यात तेवढाच राहील असे नाही. तेव्हा प्रदर्शन संपले म्हणून गोणपाट फेकू नका. मेच्या मध्याला, सुट्टीत घरी असलेल्या त्याच पोराला हाक मारा, शंभर दाणे त्याच्या ओंजळीत द्या आणि म्हणा, "परत एकदा लाव बरं."

त्याचा आकडा आल्यावरच तिफणीला हात घाला.