वैमानिक कक्षात कोण बसू शकतो?

पोलादपूरहून महाबळेश्वरचा घाट चढताना एस.टी.च्या चालकाशी गप्पा मारू नयेत, हे आपण जाणतो. मग विमानाच्या वैमानिक कक्षात पाहुणा म्हणून बसता येईल काय?

या कक्षात वैमानिकांच्या मागे एखादे जादा आसन असते. भारतात त्यावर विमानाचे कर्मचारी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निरीक्षक किंवा कामासाठी रीतसर परवानगी मिळालेली व्यक्तीच बसू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात एअर इंडियाच्या वैमानिकाने, प्रवासी म्हणून निघालेल्या कंपनीच्याच कर्मचाऱ्याला आत घेतले. कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला. वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित झाला.

एवढी कडक शिक्षा कशासाठी? मार्च १९९४ मध्ये सायबेरियावरून जाणाऱ्या एरोफ्लोटच्या विमानात एका वैमानिकाने आपल्या १५ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या जागी बसविले. मुलाने सुकाणूवर जोर दिला. त्यामुळे विमान डावी-उजवीकडे कलविणाऱ्या झडपांवरील स्वयंचालकाचा ताबा सुटला. हे कोणाच्या लगेच ध्यानात आले नाही. विमान कलत गेले.

आता थोडे गणित करू. विमानाला उचलून धरणारे बल पंखांच्या पातळीशी काटकोनात असते. विमान ६० अंशांनी कलले, की त्या बलाचा निम्माच भाग वजन पेलतो, कारण कोज्या ६०° = १/२. ९० अंशांना तो शून्य होतो! ते विमान जवळजवळ तितके कलले आणि कोसळले. ७५ जण मृत्युमुखी पडले.

नियमामागचे कारण ते हेच.